टाकीच्या तोंडावरचा माणूस

१

त्या टाकीवर ज्यानं कुणी ‘रिकामी’ असं लिहिलं, तो खोटारडा होता. नवशिका नव्हे, चांगला मुरलेला. अक्षर बघितलं की कळतं. घाई नाही, थरथर नाही, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत, जणू शाळेच्या फळ्यावर तारीख घातलीय. असल्या अक्षरावर कुणाचाही विश्वास बसतो, आणि म्हणूनच असल्या अक्षरानं माणसं मरतात.

हॅस्केलच्या भंगाराच्या आवारात ऑरिन टॅकेट त्या अक्षरासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. हवेची जुनी टाकी होती. हातभर लांब, कळशीएवढी जाड, हिरवा रंग उडालेला. शेवटच्या अक्षराचं शेपूट दोन बोटं खाली ओढलेलं होतं. असं शेपूट ओढणारा एकच माणूस ऑरिनला माहीत होता. तो स्वतः.

त्यात नवल काय म्हणा. नदीकाठच्या त्या कारखान्यात त्यानं बावीस वर्षं काढली होती. संपलेल्या टाक्यांवर खडूनं ‘रिकामी’ लिहायचं, हे अर्ध्या दिवसाचं कामच होतं त्याचं. शंभर टाक्या असतील, दोनशे असतील. त्यातली एक इथं आली, एवढंच.

“डुक्कर भाजायचंय का हिच्यात?” हॅस्केलनं तोंडातली काडी न काढता विचारलं. त्याचं पोट त्याच्याआधी बोलायला पुढं यायचं.

“भट्टी करायचीय. गॅसवरची, छोटी. सुऱ्या घडवीन म्हणतो.”

“घडव, घडव. आपल्या गावात आता एवढंच घडायचं राहिलंय.” त्यानं टाकीला बुटानं ढकललं. “अकरा नंबरच्या टाकीबरोबर आली ही, त्याच ट्रकमधून. ती मोठी तर कापून तुकडे करून गेलीसुद्धा. ही तेवढी पडून होती. कुणी हात लावेना.”

“का?”

“मला काय विचारतोस? तू होतास ना तिथं.”

ऑरिननं टाकी उचलली आणि गाडीत टाकली.

२

भट्टी करणं अवघड नाही. अवघड आहे ते धीर धरणं.

टाकीची दोन्ही तोंडं त्यानं कापून काढली. आतून सिरॅमिकच्या लोकरीचे दोन थर बसवले. त्या लोकरीचे तंतू फुप्फुसात गेले की कायमचे राहतात, म्हणून ते घट्ट करणारं पाणी फवारलं, वर अग्निमातीचा लेप दिला आणि आठवडाभर सुकत ठेवलं. मागचं तोंड भट्टीच्या विटेनं बंद केलं. लोखंडी नळीचा बर्नर केला, नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं, आणि वरून तिरका बसवला, म्हणजे ज्योत आत गोल फिरेल. हे सगळं गॅरेजमध्ये, मोठं दार सताड उघडं ठेवून. जस्ताचा मुलामा असलेली नळी चुकूनही वापरली नाही. त्या धुरानं माणूस तापानं फणफणतो. सुरक्षेच्या बाबतीत ऑरिन काटेकोर होता. आता.

त्याची बायको मार्डेल घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन दारात आली. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुवावं लागे. त्यामुळं ती हळू चालायची, पण बोलायची भरभर.

“लोकांचे नवरे या वयात मासे धरायला जातात.”

“लोनीच्या रेवासाठी सुरी करतोय. त्याचीच कानस आहे माझ्याकडे, कारखान्यातल्या कपाटातली. जुनं, चांगलं पोलाद आहे.”

मार्डेलनं ताट ऐरणीवर ठेवलं. ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, ओंडक्यावर ठोकलेला.

“त्या पोरीनं तुझ्याकडे सुरी मागितली नाही, ऑरिन. एक वाक्य मागितलं.”

“त्या वाक्यानं माझी नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर तुझा विमा.”

“माझं नाव पुढं करू नकोस,” ती म्हणाली. “मी आधीच दवाखान्यातल्या पुष्कळ रांगांत पुढं आहे.”

ती गेल्यावर त्यानं टाकीवरचा तो शब्द तारेच्या ब्रशनं घासून काढला. खाली लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासला.

३

पहिला जाळ त्यानं शनिवारी दुपारी केला. आधी मंद, लेपातलं पाणी उडून जाईपर्यंत. मग गॅस वाढवला. बर्नर दोनदा ठसकला आणि एकसुरी घुमू लागला. भट्टीचं तोंड आधी लाल, मग नारिंगी, मग भर उन्हातही नजर ठरणार नाही असं पिवळं झालं. ऑरिनला वर्षाभरात पहिल्यांदा बरं वाटलं. आपण काहीतरी नीट केलं, असं.

त्यानं गॅस बंद केला. घुमणं थांबलं. मग निवणाऱ्या लोखंडाची टिकटिक सुरू झाली. ती होणारच. तापलेला पत्रा आकसतो, टिकटिकतो, स्वयंपाकघरातला तवासुद्धा टिकटिकतो.

हातातला हातोडा त्यानं ऐरणीवर ठेवला. ठेवताना तो एकदा वाजला.

टक.

भट्टीतून आवाज आला: टक टक.

ऑरिन हलला नाही. दारावरून कुणाची तरी गाडी गेली, शेजारचं कुत्रं भुंकलं, गप्प झालं. त्यानं हातोडा पुन्हा उचलला. काय करतोय हे त्याला ठाऊक होतं आणि आपण ते करू नये हेही ठाऊक होतं.

टक.

टक टक.

भिंतीवर विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र होतं, मार्डेलनं आणलेलं. त्याचा हिरवा दिवा शांत होता. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. मग उरलं काय? योगायोग. लोखंड आकसतंय, त्याची एक लय आहे, आणि आपण नेमकं त्या लयीत ठोकतोय. त्यानं मुद्दाम पाच मिनिटं वाट पाहिली. टिकटिक पार थांबली. मग त्यानं अगदी हळू, बोटाच्या पेरानं ऐरणीवर वाजवलं.

टक टक.

आणि तेव्हा त्याला दिसलं, की भट्टीच्या कुशीवर, घासून लखलखीत केलेल्या जागी, तो शब्द पांढरा होऊन परत उमटलाय. शेपटासकट.

वेल्डरचा खडू शंखजिऱ्याचा असतो, आगीत पुसत नाही. हे त्यानं स्वतःला सांगितलं. ब्रशनं नुसता वरचा थर गेला असणार, हेही सांगितलं. स्वतःला सांगण्यासारखं बरंच होतं, आणि तो सगळं सांगत बसला.

४

एक ठोका म्हणजे: ठीक आहेस ना? दोन म्हणजे: ठीक आहे. तीन म्हणजे: मला बाहेर काढ.

टाकी साफ करायला माणूस आत उतरला, की दुसरा तिच्या तोंडाशी उभा राहतो. त्यानं जागचं हलायचं नाही. मुतायलासुद्धा नाही. दर काही मिनिटांनी पान्यानं टाकीवर एक ठोका द्यायचा, आतून दोन ऐकायचे. तोंडाजवळ खडूनं लिहायचं, ‘आत १’. आतला बाहेर आला, डोळ्यांनी दिसला, की मगच ते पुसून ‘रिकामी’ लिहायचं. कारखान्यात कागदांचे ढीग आहेत, शिक्के आहेत, सुरक्षेचे सप्ताह आहेत, केक कापतात त्या सप्ताहात. पण माणसाचा जीव टांगलेला असतो तो या दोन शब्दांना.

गेल्या वर्षी मार्चमध्ये लोनी स्पर्लॉक अकरा नंबरच्या टाकीत गाळ खरवडत होता. आतली हवा तपासलेली होती, पंखा चालू होता. तोंडावर ऑरिन. अठरा वर्षांची जोडी.

मग फोरमनचा निरोप आला. फाटकात ट्रक अडकलाय, फोर्कलिफ्ट हलवायला कुणी नाही, दहा मिनिटांसाठी ये. ऑरिन म्हणाला, आत माणूस आहे. फोरमन म्हणाला, मग?

तोंड सोडलेलं कुणी बघितलं असतं, ‘आत १’ लिहिलेलं आणि बाहेर कुणी नाही, तर ऑरिनवर ठपक्याचा कागद निघाला असता. फोरमनवर नाही. म्हणून त्यानं तो शब्द पुसला. खडू घेतला, आणि ‘रिकामी’ लिहिलं. नीट, ठसठशीत. आतून लोनीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. रविवारी चर्चमध्ये म्हणतात त्यातलंच काहीतरी. दहा मिनिटांचाच प्रश्न होता. लोनीला त्यानं ओरडून सांगितलंसुद्धा नाही, कारण सांगितलं असतं तर लोनी बाहेर आला असता आणि वेळ गेला असता.

दहाची पंचवीस झाली. मधल्या वेळात पाइपवरचा माणूस आला. त्यानं शब्द वाचला, पंखा बंद केला आणि, रिकाम्या टाकीत आग धरू नये म्हणून, नियमाप्रमाणे नायट्रोजन सोडला. नायट्रोजनला वास नसतो. घुसमटही होत नाही म्हणतात. माणूस नुसता खाली बसतो.

लोनीनं तीन ठोके दिले का? दिले असतील, तर किती वेळ दिले? हे जगात कुणालाच माहीत नाही. कारण ऐकायला ज्याला ठेवलं होतं तो फोर्कलिफ्टवर होता.

संध्याकाळी कागद तयार होता, त्यावर लिहिलेलं: लोनी बाहेर आला, ऑरिननं स्वतः पाहिला, मग ‘रिकामी’ लिहिलं, नंतर विसरलेली बॅटरी आणायला लोनी कुणाला न विचारता पुन्हा आत शिरला. चूक लोनीची. ऑरिननं सही केली. महिन्याभरात त्याची बदली गोदामात झाली. आत ऊब असते, पाठ दुखत नाही.

५

आणि आता ती भट्टी रोज सांगत होती, ठीक आहे.

सांगायला लाज वाटते, पण ऑरिनला ते आवडू लागलं. कामावरून आला की तो थेट गॅरेजमध्ये जायचा. कानस तापवून राखेत पुरून मऊ केली, घडवून तिला सुरीचा आकार दिला. मधेच थांबून ऐरणीवर एक ठोका द्यायचा. दोन यायचे. ठीक आहे. माणूस किती स्वस्तात स्वतःला विकतो! दोन ठोक्यांवर त्याची झोप परत आली.

दहा दिवसांनी, मंगळवारी, तो कामावरून आल्यावर रेवा आली. लोनीची मुलगी, वीस वर्षांची. बापाचा ट्रक चालवत आली आणि बापासारखाच तो तिरका लावला.

“काय काका, व्हिडिओ बघून लोहार झालात?”

“ये. हे बघ.” त्यानं सुरीचं पातं पुढं केलं. “पप्पाची कानस आहे. दात राहू दिलेत पाठीवर, म्हणजे कळेल कशाची आहे ते. आता फक्त पाणी द्यायचं राहिलंय.”

तिनं हात लावला नाही.

“परवा दहा वाजता चौकशी आहे. कोर्टाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर.”

“माहितीय.”

“मला एवढंच हवंय. पप्पा बाहेर आलेले तुम्ही पाहिले नाहीत. एवढं एक वाक्य. पुढं काय ते वकील बघेल.”

“मी लिहून दिलंय, बेटा.”

“तुम्ही सही केलीय. लिहिलं दुसऱ्यानं.” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “काका, चर्चमध्ये बायका मला सांगतात, तुझा बाप बॅटरीपायी मेला गं. बॅटरीपायी! आणि तुम्हाला माहितीय ते घरी काय म्हणायचे? ऑरिन तोंडावर असला की मला आत झोपसुद्धा लागेल.”

ऑरिननं कापडानं पातं पुसलं. ते स्वच्छच होतं.

“मार्डेलचं रक्त...” तो म्हणाला.

“मार्डेल काकूंनीच मला सांगितलं, की जाऊन पुन्हा एकदा विचार.”

ती वळली. जाता जाता, रिकाम्या हाताला काहीतरी हवं म्हणून, तिनं भट्टीच्या पत्र्यावर अंगठीनं एकदा वाजवलं.

टक टक.

“निवतेय वाटतं अजून,” रेवा म्हणाली आणि गेली.

भट्टी तीन दिवसांत पेटवलेली नव्हती.

६

बुधवारी त्यानं सुट्टी घेतली. आज पाणी द्यायचं, मूठ बसवायची, उद्या चौकशीला निघण्याआधी सुरी रेवाच्या हातात द्यायची. मग जे व्हायचं ते होवो. असं त्यानं ठरवलं होतं. जे व्हायचं ते कोण करणार होतं, याचा विचार त्यानं केला नव्हता.

दुपारचं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं होतं. तेल कोमट करून डब्यात तयार. लोहचुंबक दोरीला टांगलेलं. पोलाद चुंबकाला चिकटेनासं झालं, की काढायचं आणि तेलात बुडवायचं. म्हणायचं पाणी, पण देतात तेलाचं. त्यानं बर्नर पेटवला. पातं आत सरकवलं. आधी काळं, मग सुकलेल्या रक्तासारखं, मग चेरीसारखं लाल.

सवयीनं त्यानं हातोडा ऐरणीवर टेकवला. टक.

टक. टक. टक.

बर्नरच्या घुमण्यातूनसुद्धा स्वच्छ ऐकू आले. निवायचा प्रश्न नव्हता, भट्टी तापत होती. ऑरिनला वाटलं, तापतानाही पत्रा फुगतो, वाजतो. वाजणारच. त्यानं चिमटा घट्ट धरला.

टक. टक. टक.

घाई नव्हती त्या ठोक्यांत. ज्याला खात्री आहे की बाहेर माणूस उभा आहे, त्याचे ठोके होते ते.

तो वाकला आणि त्यानं आत पाहिलं.

भट्टी हातभर लांब होती. मागं वीट होती, त्यानंच लावलेली, तिच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. ती वीट दिसायला हवी होती. ज्योत गोल फिरत होती, आणि ज्योतीच्या मागं वीट नव्हती. आत लांबवर जात होतं. लाल नव्हतं तिथं, राखाडी होतं, ओलं होतं. शिडीच्या दोन पायऱ्या होत्या. आणि खूप दूर, खाली, रबरी बुटांचे दोन तळवे, बसलेल्या माणसाचे असतात तसे, त्याच्याकडे तोंड करून. त्यातला एक तळवा हलला.

ऑरिननं गॅस बंद केला. पातं ओढून तेलात खुपसलं. धूर झाला, तेल उसळलं, आणि त्या सगळ्यातून एक बारीक आवाज आला: टिंग. पाणी देताना पातं तडकलं की तो आवाज येतो, लोहाराला दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही. मुठीपासून टोकापर्यंत केसाएवढी फट पडली होती.

भट्टी निवली तेव्हा वीट जागेवर होती. टवका उडालेल्या कोपऱ्यासकट. त्यानं ती चिमट्यानं चाचपून पाहिली. मग ठोके पुन्हा सुरू झाले, तीन आणि थोडं थांबून तीन, आणि त्यानं मार्डेलच्या जुन्या रजईत ती भट्टी गुंडाळली, वर पोतं घातलं, दार ओढून घेतलं आणि घरात जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

मार्डेलनं एकदा गॅरेजच्या दिशेनं पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “उद्या खरं बोल,” ती म्हणाली. “मग काय ते वाजायचं थांबेल.”

“काय वाजतंय?” ऑरिन म्हणाला. “काही वाजत नाहीये.”

७

खोली लहान होती. एक लांब टेबल, झेंडा, पाण्याची सुरई. चौकशी करणारा अधिकारी सर्दीनं बेजार होता. कारखान्याचे तीन वकील होते, रेवाचा एक. कोपऱ्यात ओपल नावाची पांढऱ्या केसांची बाई कानाला यंत्र लावून प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित करत होती.

ऑरिन हात मांडीवर ठेवून बसला. समोर रेवा. तिनं बापाचा कोट घातला होता.

“लोनी स्पर्लॉक टाकीतून बाहेर आले?” अधिकाऱ्यानं विचारलं.

ऑरिननं कान दिला. नळातून पाणी जाण्याचा आवाज. कुणीतरी खोकलं. बाकी काही नाही. तो थांबला, आणखी ऐकलं. खरंच काही नाही. ते सगळं गॅरेजमध्येच राहिलं होतं, रजईत. त्या क्षणी त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याच हलकेपणात तो म्हणाला,

“होय.”

“तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?”

शांतता. नुसती, स्वच्छ शांतता.

“होय.”

“आणि त्यानंतरच तुम्ही टाकीवर ‘रिकामी’ असं लिहिलंत?”

रेवा त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

“होय.”

दहा मिनिटांत आटोपलं. अधिकाऱ्यानं नाक पुसून कागद गोळा केले. कारखान्याच्या एका वकिलानं ऑरिनच्या खांद्यावर थोपटलं, कुत्र्याला थोपटतात तसं. रेवा सगळ्यांच्या आधी उठून गेली. तिच्या बुटांचा आवाज जिन्यावर बराच वेळ येत राहिला आणि मग तोही गेला.

ऑरिनच्या खिशात तडकलेलं पातं होतं, रुमालात बांधलेलं. का आणलं होतं, देव जाणे. तो दाराशी पोहोचला तेव्हा कोपऱ्यातून ओपलनं हाक मारली. कानावरचं यंत्र तिनं अर्धवट उचललं होतं, एक कान अजून आतच होता, आणि कपाळावर आठी होती.

“अहो टॅकेट, बोलताना टेबलावर ठोकायचं नसतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? प्रत्येक ‘होय’च्या मागं तीन-तीनदा वाजलंय. तुमच्या आवाजापेक्षा मोठ्यानं. आणि मला ते काढता येत नाही, आता नोंदीत गेलं ते.”